तलाठ्याचा मंडळ अधिकारी होतो तेव्हा

महसूल खात्यात तलाठी म्हणून रुजू झालेला कर्मचारी विभागीय परीक्षा उत्तीर्ण होऊन सेवाज्येष्ठतेने मंडळ अधिकारी होतो, तेव्हा त्याचे पद एकच पायरी वर जाते. कामाचे स्वरूप मात्र पुरते पालटते. काल तो स्वतः नोंद लिहीत होता. आज त्याला दुसऱ्याने लिहिलेली नोंद तपासावयाची असते, आणि तो दुसरा बहुधा कालपर्यंतचा सहकारीच असतो. (२०२४ साली तलाठी पदाचे नाव 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले, परंतु लोकांच्या तोंडी जुनाच शब्द असल्याने येथे तोच योजला आहे.)

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार खरेदी, वारसा, वाटणी इत्यादींमुळे बदललेल्या हक्काची नोंद तलाठी गाव नमुना सहामध्ये घेतो व हितसंबंधितांना नोटीस देतो. पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. एरवी नोंद प्रमाणित करण्याचे काम मंडळ अधिकाऱ्याकडे येते, आणि मगच सातबारा बदलतो. कलम १५७ अन्वये अशी प्रमाणित नोंद, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरी मानली जाते. ई-फेरफार प्रणालीने कागद संगणकावर गेले. परंतु प्रमाणित करणारा डोळा माणसाचाच राहिला.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात या डोळ्याची कसोटी अधिकच लागते. कान आणि पांझरेच्या काठची बागायत एकीकडे, तर पश्चिमेस कोकणी व भिल्ल वस्तीची डोंगराळ गावे दुसरीकडे. यांपैकी काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. कलम ३६-अ १९७४ पासून अमलात आले. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. विक्रीच्या मंजुरीस शासनाची पूर्वसंमतीही लागते. दस्त नोंदणीकृत आहे एवढ्यावरून ती मंजुरी मिळाली होती असे सिद्ध होत नाही. घाईत ठेवलेल्या एका प्रमाणपत्राने कुटुंबाची जमीन दप्तरातून निघून जाते आणि ती परत मिळविण्यासाठी त्या कुटुंबाला वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. बहिणींची नावे वारस नोंदीतून गळणे हाही त्याच घाईचा प्रकार होय.

येथेच नव्या अधिकाऱ्याची अडचण उभी राहते. एका मंडळात सर्वसाधारणपणे सहा साझे असतात; त्यांतला एखादा तलाठी वयाने वडील, एखादा एकाच तुकडीत भरती झालेला. त्याची नोंद परत पाठविली तर 'खुर्ची मिळाली आणि माणूस बदलला' असे बोलणे ऐकावे लागते. डोळे मिटून प्रमाणित केली तर गैरनोंदीत आपलीही सही पडते. बहुतेक जण तिसरा मार्ग धरतात: नोंद नुसती पडू देतात. लेखकाच्या मते हाच सर्वांत वाईट मार्ग, कारण त्याची झळ तलाठ्याला नव्हे, खातेदाराला लागते.

पांझरेच्या फड बागायतीत पाटकरी पाणी सोडतो व हवालदार त्याच्यावर देखरेख करतो. तेथे पाणी सर्वांच्या डोळ्यांसमोर वाहते, त्यामुळे संशय बांधावरच मिटू शकतो. दप्तरात तसे काही दिसत नाही. म्हणून नोंद नामंजूर करताना कारण, कलम आणि अपुरा कागद यांचा स्पष्ट शेरा तिथेच लिहावा. तोंडी सांगितलेला नकार व्यक्तीचा वाटतो, लिहिलेला नकार कायद्याचा ठरतो. शिवाय उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपिलात जाणाऱ्या खातेदारालाही त्याचा आधार मिळतो. दप्तर तपासणीही जवळच्या माणसापासून सुरू करावी, म्हणजे इतरांना बोलावयास जागा राहत नाही.

वरिष्ठांनीही एक गोष्ट करण्याजोगी आहे. पदोन्नतीची पहिली नेमणूक, शक्य तेथे, कर्मचारी ज्या साझ्यावर राबला त्याच मंडळात देऊ नये. साक्रीसारख्या विस्तीर्ण तालुक्यात पिंपळनेरचा तलाठी निजामपूरकडे अधिकारी म्हणून गेला, तरी त्याला तालुका परका होत नाही. फक्त जुन्या ओळखींचे दडपण थोडे कमी होते.