बाजारात बडबड, वर्गात गप्प

प्रश्न : आमची मुलगी निपाणीत मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववीला आहे. बाजारात भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करते, पण कन्नडच्या तासाला तोंड उघडत नाही. असं का?
– एक पालक

उत्तर : तिचं कन्नड कच्चं नाही, निराळं आहे. बाजारात 'मी जाते'ला ती 'होगतीनी' म्हणते. पुस्तकात 'होगुत्तेने' असतं. दोनदा वर्गात हशा पिकला की पोर मान खाली घालून बसते. गंमत म्हणजे ही ठेच घरी कन्नड बोलणाऱ्या पोरांनाही लागते. बेळगावकडची बोली पुस्तकात कुठे असते?

दुसरी भानगड लिपीची. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन. मराठीचं एकेकावरच भागतं. 'कोडु'तला ओ ऱ्हस्व असेल तर अर्थ 'दे', दीर्घ असेल तर 'शिंग'. पोरीने मागायची वही आणि लिहिलं शिंग, की लाल रेघ! ती का चुकली, हे रेघ सांगत नाही. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहून 'मराठीत हा फरक नाही, म्हणून आपला कान तिकडे जात नाही' एवढं म्हटलं तरी निम्मी भीती जाते.

मुलांच्या घरचं जगणं धड्यात आणणाऱ्या अशा अध्यापनाची मांडणी अमेरिकेत ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी 1995 मध्ये केली, तीही कृष्णवर्णीय मुलांच्या वर्गांत बसून. आपल्या 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही शाळेबाहेरच्या जगण्याशी ज्ञान जोडा, असं आहेच. निपाणीला त्यासाठी लांब जायला नको. विड्यांची मजुरी हजारावर ठरते, खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे बुडतात. आई विड्या वळत असेल, तर शेकडेवारीला दुसरं उदाहरण कशाला? स्नेहसंमेलनात पोरींना नऊवारी नेसवून नाचवणं म्हणजे मात्र असं शिकवणं नव्हे, ती सजावट.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मुलीचा कन्नडचा तास मात्र उद्या सकाळी आहे. तेव्हा बाईंना भेटा. आठवड्यातून दहा मिनिटं फळ्याचे दोन भाग करायला सुचवा : उजवीकडे पुस्तकातलं वाक्य, डावीकडे तेच बाजारातलं. डावी बाजू तुमची मुलगीच भरेल.