फिरत्या पाण्याचा हिशेब

पंप म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर विहीर आणि उसाचा मळा उभा राहतो. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचे नाव पुढे पंपांशी कायमचे जोडले गेले. साहजिकच “किती हॉर्सपॉवरचा?” हा आपला पहिला प्रश्न असतो. परंतु थंड देशांत एक पंप असा आहे, की ज्याच्या बाबतीत हा प्रश्न प्रथम विचारणारा हमखास फसतो. त्याची निवड हा यंत्रशास्त्राइतकाच हिशेबाचाही विषय आहे. म्हणूनच वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हे धाडस केले आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन या उत्तरेकडील राज्यांत जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली २० अंश सेल्सिअसपर्यंत व त्याहूनही खाली उतरतो. तेथील खेड्यापाड्यांत काही कुटुंबे घराबाहेर, अंगणात, लाकडावर चालणारी भट्टी बसवितात. लहानशा खोपटासारखी दिसणारी ही भट्टी म्हणजे पोलादी चूल आणि तिच्याभोवती शेकडो लिटर पाणी. सुमारे ८० अंशांपर्यंत तापलेले हे पाणी जमिनीखालच्या, उष्णतारोधक वेष्टनाच्या नळांतून घरात जाते, तेथे उष्णता देते आणि परत भट्टीकडे येते. हे पाणी सतत फिरते ठेवणारा तो अभिसरण पंप.

येथे पहिला भेद लक्षात घ्यावा. विहिरीवरचा पंप पाणी उचलतो. हा पंप पाणी केवळ फिरवितो. जत्रेतील पाळणा आठवा. वर जाणाऱ्या पाळण्यांचे ओझे खाली येणारे पाळणे तोलून धरतात. तसेच भरलेल्या नळांत वर चढणाऱ्या पाण्याला खाली उतरणारे पाणी तोलते. म्हणून घर दुमजली असले तरी, नळ एकदा भरून त्यातील हवा निघून गेल्यावर, पंपाला झगडावे लागते ते मुख्यतः नळातील घर्षणाशी.

आता प्रवाहाचे गणित पाहू. एक लिटर पाणी एक अंशाने थंड होताना सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता देते. घराला ३० किलोवॉट उष्णता हवी असेल आणि जाणाऱ्या व परतणाऱ्या पाण्यात १० अंशांचा फरक धरला, तर मिनिटाला सुमारे ४३ लिटर पाणी फिरले पाहिजे. फरक २० अंशांचा धरला तर निम्मे पाणी पुरेल. पण परतणारे पाणी फार थंड होऊन चालत नाही. ते सुमारे ६० अंशांच्या खाली गेले, की धुरातील वाफ भट्टीच्या आतल्या पत्र्यावर द्रवते आणि पत्रा गंजतो.

मग पंप कोणता? निर्माता प्रत्येक पंपाबरोबर एक आलेख देतो. प्रवाह वाढतो तसा पंपाचा दाब कमी होत जातो. उलट नळाचा विरोध प्रवाहाबरोबर वाढतो. प्रवाह दुप्पट झाला तर विरोध जवळजवळ चौपट होतो. या दोन रेषा जेथे छेदतात तेवढाच प्रवाह प्रत्यक्षात मिळतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चित्र नवे नाही. मागणी आणि पुरवठ्याच्या रेषांचाच हा समतोल आहे! एकटा विक्रेता जसा बाजारभाव ठरवीत नाही, तसा एकटा पंपही प्रवाह ठरवीत नाही.

येथेच खर्चाचा प्रश्न येतो. नळाचा आतील व्यास सव्वापट केला तर तेवढ्याच प्रवाहाला होणारे घर्षण सुमारे एक तृतीयांशावर येते. अरुंद नळ घालून मोठा पंप बसविणारा आज थोडे वाचवितो आणि पुढे दर महिन्याला भरतो. नळ एकदाच विकत घ्यावा लागतो, वीज रोज.

पंपाचेही तसेच. ८० वॅटचा पंप २०० दिवस अखंड चालला तर ३८४ युनिट वीज खातो. तेच काम चुंबकीय रोटरचा नवा पंप २५ वॅटमध्ये करीत असेल, तर १२० युनिट पुरतात. बचत २६४ युनिटांची. युनिटला १५ सेंट धरले तर एका हंगामात सुमारे ४० डॉलर वाचतात. म्हणजे नवा पंप १२० डॉलरने महाग असला तरी तीन हंगामांत फरक वसूल. युरोपीय संघाने तर २०१३ पासून अशा पंपांना किमान कार्यक्षमतेची अट घातली आणि २०१५ मध्ये ती आणखी कडक केली.

तथापि केवळ युनिटे मोजून भागत नाही. या भट्ट्या बहुधा हवेला मोकळ्या असतात, त्यामुळे पाण्यात प्राणवायू मिसळतो आणि लोखंड गंजते. हा गंज चुंबकीय रोटरला चिकटून पंप अडकू शकतो. म्हणून पाण्यात गंजरोधक द्रव्य आणि वाटेत गाळणी हवी. शिवाय पाणी अतिशय गरम, आणि त्यावर दाब नाही; पंप उंचावर बसविला तर त्याच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे होऊन पाती झिजतात. यास्तव पंप भट्टीजवळ, पाण्याच्या पातळीच्या खाली बसवावा आणि लांब नळ त्याच्या पुढे असावा.

शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. ऐन हिवाळ्यात पंप बंद पडला तर घर गारठते आणि नळांतील पाणी गोठून नळ फुटू शकतात. म्हणून पंपाच्या दोन्ही बाजूंस झडपा आणि फडताळात एक जादा पंप ठेवणे शहाणपणाचे. हा खर्च वाया गेला असे वाटते. पण विम्याचा हप्ता तरी दुसरे काय असतो?

सारांश, आधी उष्णतेची गरज, मग प्रवाह, मग नळ, आणि सर्वांत शेवटी पंप, हा योग्य क्रम होय. आपण बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो आणि आधी यंत्र घेऊन मागाहून हिशेब करतो. विहिरीवर पंप बसवितानाही पाण्याची गरज, उंची आणि नळ यांचा विचार आधी केला, तर “किती हॉर्सपॉवरचा?” या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल. किंमत दुकानात एकदा द्यावी लागते. खर्च मात्र पंप फिरत असेपर्यंत चालू राहतो.