मुका संगणक बोलता करताना
लिनक्स प्रणालीवरील साउंड कार्ड : नवशिक्यांसाठी एक पाठ

शाळेतील संगणक सुरू होतो, पडद्यावर चित्र उमटते, मराठी अक्षरेही टंकित होतात. आवाज मात्र येत नाही. लिनक्स ही कार्यप्रणाली प्रथमच बसविणाऱ्या अनेक शिक्षकांना हा अनुभव येतो. मग साउंड कार्ड बिघडले असा निष्कर्ष निघतो आणि यंत्र कोपऱ्यात जाऊन पडते. वस्तुतः अशा प्रसंगी कार्ड बिघडलेले असण्यापेक्षा कोठे तरी एखादी कळ बंद राहिलेली असण्याचा संभव अधिक असतो. ती कळ कशी शोधावी, एवढेच या पाठात सांगावयाचे आहे.

हा प्रश्न आजच महत्त्वाचा का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचे नियमित साहाय्य संपले. तिची पुढील आवृत्ती अनेक जुन्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. नागपूर शहरातील शाळा असो, की काटोल, उमरेड वा रामटेक तालुक्यातील ग्रामपंचायत असो, जुने संगणक ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यापुढे निर्लेखनाचा प्रस्ताव करणे किंवा त्याच यंत्रावर लिनक्स बसविणे असे दोन मार्ग उभे राहतात. दुसऱ्या मार्गास परवान्याचे शुल्क पडत नाही. सी-डॅक या शासकीय संस्थेने २००७ पासून प्रसिद्ध केलेली ‘बॉस लिनक्स’ ही प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत काम करते. शेजारच्या नव्हे तरी आपल्याच देशातील केरळ राज्याने शासकीय शाळांतून लिनक्सचा वापर दीर्घकाळ यशस्वीपणे केला आहे.

तथापि, आवाजाविना शाळेतील संगणक अपुराच ठरतो. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. पुस्तक जेथे पोहोचत नाही तेथेही शब्द कानावाटे पोहोचतो, हे विदर्भातील श्रोत्यांनी तेव्हापासून अनुभवले आहे. कवितेची चाल, इंग्रजी शब्दाचा उच्चार, परिसरातील पक्ष्याचा आवाज या गोष्टी पडद्यावर वाचून कळत नाहीत. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या बाबतीत तर आवाज हाच पडदा होय. लिनक्सवरील ‘ऑर्का’ हा वाचक कार्यक्रम पडद्यावरील मजकूर बोलून दाखवितो आणि ‘ईस्पीक एनजी’ हे विनामूल्य साधन त्यास मराठी वाणी पुरविते. साउंड कार्ड मुके राहिले, तर त्या विद्यार्थ्यासाठी संपूर्ण संगणकच बंद असल्यासारखा असतो.

ध्वनीचा प्रवास

संगणकात ध्वनी अंकांच्या रूपाने साठविलेला असतो. संगीताच्या सीडीवर एका सेकंदाच्या ध्वनीसाठी प्रत्येक बाजूस ४४,१०० नमुने असतात. या अंकांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करणे हे साउंड कार्डाचे काम. पूर्वी ते वेगळे कार्ड असे. आता ते काम बहुधा मुख्य फलकावरील एक लहानशी चिप करते.

लिनक्समध्ये हा ध्वनी चार ठाण्यांवरून जातो. पहिले ठाणे गाणे वाजविणाऱ्या किंवा मजकूर बोलणाऱ्या कार्यक्रमाचे. दुसरे ध्वनिसेवकाचे, अनेक कार्यक्रमांचे आवाज एकत्र करून ते कोणत्या वाटेने पाठवावयाचे हे तो ठरवितो. तिसरे ठाणे ‘अल्सा’चे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील ड्रायव्हरचे. चौथे ठाणे म्हणजे प्रत्यक्ष कार्ड, वायर व स्पीकर. यांपैकी एक जरी ठाणे बंद असले, तरी परिणाम एकच : शांतता. म्हणून अंदाजाने सर्वच बदलत सुटण्याऐवजी बाहेरून आत, एकेक ठाणे तपासत जावे.

पहिली तपासणी : वायर व स्पीकर

टेबलावरील संगणकात स्पीकरची खाच बहुधा हिरवी, तर मायक्रोफोनची गुलाबी असते. निळी खाच बाहेरचा ध्वनी आत घेण्यासाठी असते. पुढील बाजूच्या खाचेची आतील वायर पुष्कळदा जोडलेलीच नसते. म्हणून प्रथम मागील खाच वापरून पाहावी. नागपूरच्या उन्हाळ्यात सुट्टीभर बंद खोलीत पडून राहिलेल्या यंत्राच्या खाचांत धूळ साचते, तीही साफ करावी. तोच स्पीकर मोबाइलला लावून वाजतो का हे पाहिल्यास शंकेचे एक कारण लगेच दूर होते.

दुसरी तपासणी : वाट

सेटिंग्जमधील ‘ध्वनी’ विभाग उघडून आवाज कोणत्या वाटेने जात आहे ते पाहावे. पडदा एचडीएमआय वायरने जोडला असेल, तर प्रणाली पुष्कळदा आवाज त्याच वायरने पडद्याकडे पाठविते. पडद्यात स्पीकरच नसल्यास ऐकू काहीच येत नाही. अशा वेळी अंगभूत ॲनालॉग वाट निवडताच काम होते. मात्र तेथे केवळ ‘डमी आउटपुट’ असे नाव दिसल्यास ध्वनिसेवकाला कार्डच सापडलेले नाही, असे समजावे.

तिसरी तपासणी : कार्डाची ओळख

आता टर्मिनल ही आदेशांची खिडकी उघडावी. आदेश रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यावयाचे असतात. ‘एप्ले’ (ए, पी, एल, ए, वाय) हा शब्द, एक रिकामी जागा, आडवी रेघ आणि लगेच ‘एल’ हे अक्षर टंकित करून एंटर दाबावे. प्रणालीने ओळखलेल्या कार्डांची यादी समोर येते.

यादी रिकामी असल्यास ‘एलएसपीसीआय’ हा आदेश द्यावा. त्यातून फलकावर कोणकोणती उपकरणे दिसतात ते कळते. तेथे ऑडिओ उपकरणाची नोंद असून वरील यादीत नसेल, तर उणीव ड्रायव्हरची किंवा फर्मवेअरची असते. काही नव्या लॅपटॉपना ‘साउंड ओपन फर्मवेअर’ नावाचा संच लागतो; तो घालून यंत्र पुन्हा सुरू करावे. दोन्हीकडे नोंद नसेल, तर बायोसमध्ये अंगभूत ऑडिओ बंद केलेला आहे का ते पाहावे.

चौथी तपासणी : अल्सामिक्सर

कार्डाची ओळख पटूनही आवाज नसेल, तर ‘अल्सामिक्सर’ हा आदेश द्यावा. उभ्या पट्ट्यांचे चित्र दिसते. एफ-६ कळ दाबून यादीतून प्रत्यक्ष कार्ड निवडावे. ही पायरी गाळली, तर नवशिक्यास केवळ ध्वनिसेवकाची एक पट्टी दिसते आणि खरा दोष दडून राहतो. पट्टीखाली दोन ‘एम’ दिसल्यास ती वाट मुकी केलेली आहे, दोन शून्ये दिसल्यास खुली आहे. ‘एम’ कळ दाबून मुकेपणा काढावा व वरच्या बाणाने पातळी वाढवावी. ‘मास्टर’, ‘स्पीकर’, ‘हेडफोन’ व ‘पीसीएम’ या पट्ट्या अवश्य पाहाव्यात. ‘ऑटो-म्यूट’ हा पर्याय चालू असल्यास हेडफोन लावलेला आहे अशा समजुतीने स्पीकर बंद ठेवला जातो. बाहेर पडण्यासाठी एस्केप कळ आहे. त्यानंतर संगणक रीतसर बंद करावा. एकदम वीज तोडल्यास नवी पातळी साठविली जातेच असे नाही.

शेवटी ‘स्पीकर-टेस्ट’ या आदेशाने चाचणी घ्यावी. स्पीकरमधून खरखरीचा आवाज आला, की कार्ड चालू झाले असे समजावे. कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबताच चाचणी थांबते.

नावांचा गोंधळ

जुनी माहिती वाचून प्रयत्न करणाऱ्याची फसगत होते, त्यास इतिहास कारण आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केले. आरंभी ध्वनीचे काम ‘ओएसएस’ ही व्यवस्था करीत असे. १९९८ मध्ये यारोस्लाव किसेला यांनी ‘अल्सा’चे काम आरंभिले आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ या आवृत्तीत ते लिनक्सच्या गाभ्याचा भाग झाले. त्यावर ‘पल्स ऑडिओ’ हा ध्वनिसेवक आला आणि अलीकडच्या आवृत्त्यांत त्याची जागा ‘पाइपवायर’ने घेतली आहे. म्हणून एखादा उपाय करण्यापूर्वी तो कोणत्या काळातील आहे हे पाहावे. अर्थ न कळता आदेश उतरवून घेणे टाळावे.

नोंद व काटकसर

एका वेळी एकच बदल करावा, चाचणी घ्यावी आणि वहीत लिहून ठेवावे. एकाच खरेदीतील यंत्रे बहुधा एकसारखी असतात. एकावर सापडलेला उपाय इतरांवरही चालतो. जडवस्तू नोंदवहीतील क्रमांकासमोर हा उपाय लिहिला, तर शिक्षकांची बदली झाली तरी ज्ञान शाळेतच राहील.

सर्व प्रयत्न करूनही कार्ड मुकेच राहिले, तर यूएसबी साउंड ॲडॉप्टर हा स्वस्त पर्याय आहे. प्रमाणित पद्धतीच्या अशा ॲडॉप्टरना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. एक लहान वस्तू आणून जे यंत्र वापरात राहते, त्याचे निर्लेखन करण्याचे कारण उरत नाही. तसेच लिनक्स कायम बसविण्यापूर्वी ते पेनड्राइव्हवरून चालवून आवाजाची चाचणी घेता येते; त्यामुळे नंतरचे श्रम वाचतात.

ज्या गावात एखादे दृष्टिहीन मूल शाळेत येते, तेथे मुख्याध्यापक व ग्रामपंचायत सदस्य यांनी निदान एका संगणकाची ही तपासणी शाळा उघडण्यापूर्वी पूर्ण करून घ्यावी. वर सांगितलेल्या चारही तपासण्यांना बहुतेक वेळा एक दुपार पुरते. त्या दुपारीनंतर ते मूल इतरांच्या शेजारी बसून, स्वतःच्या कानांनी, तोच धडा वाचू शकेल.