चढावरचे गवत आणि चाकांचे गणित

किनवट तालुक्यातील इस्लापूरचा परिसर ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे, त्यांना तेथील गवताविषयी वेगळे सांगायला नको. नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांची सीमा आखीत पैनगंगा येथून जाते आणि जवळच सहस्रकुंडाला काळ्या पाषाणावरून खाली झेपावते. भोवती सागाचे जंगल आणि टेकड्या. सपाट जमीन हाती लागली तर ती शेतासाठी. शाळा, दवाखाना, विश्रामगृह यांच्या वाट्याला एखादा चढ-उतार येतोच. मृगाचा पाऊस पडला की हरळी हिरवी होते, मागोमाग कुसळी वर येते, आणि भाद्रपदात मुलांच्या पायाला साप-विंचू लागू नये म्हणून आवारातले गवत कापणे भाग पडते.

समजा, अशाच एखाद्या शाळेला उताराचे मैदान आहे आणि गवत कापण्यासाठी, स्वतःच्या चाकांवर आपणहून पुढे सरकणारे यंत्र घ्यावयाचे आहे. मागे माणूस फक्त दांडा धरून चालतो. ढकलण्याचे कष्ट इंजिन घेते. दुकानात दोन प्रकार समोर येतात. एकात इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना दिलेली असते, दुसऱ्यात मागच्या. किंमत पाहून यंत्र घेतले आणि ते चढावर जागच्या जागी चाके फिरवीत बसले, तर पैसे वाया गेले. त्याहून वाईट म्हणजे ते मागे घसरून चालवणाऱ्याच्या पायावर आले तर? म्हणून खरेदीपूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसणे बरे. यासाठी नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

तत्पूर्वी या यंत्राची थोडी कुळकथा. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यातील स्ट्राउड गावी लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव एकसारखी छाटण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. ते पाहून एडविन बडिंग या कारागिराला वाटले की कापडाची लव कापता येते, तर जमिनीची का नाही? १८३० साली त्याने गवत कापणीयंत्राचे पेटंट घेतले. त्या यंत्रात आडव्या नळकांड्यावर पाती बसविलेली होती आणि ते माणसाने ढकलायचे होते. वाफेची व पेट्रोलची इंजिने त्यावर पुढे आली. आज बहुधा दिसते ते यंत्र निराळे: लोखंडी झाकणाखाली एकच पाते, पंख्यासारखे आडवे फिरणारे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यंत्राचे वजन ३६ किलोग्रॅम, पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ६० सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्य दोन्ही आसांच्या बरोबर मध्ये, जमिनीपासून २० सेंटीमीटर उंचीवर आहे असे धरू. सपाट जमिनीवर पुढच्या चाकांवर १८ आणि मागच्या चाकांवर १८ किलोग्रॅम भार येईल. तेच यंत्र १५ अंशांच्या चढावर तोंड वर करून उभे केले, की दोन गोष्टी घडतात. वजनाचा जमिनीला लंब असलेला घटक थोडा कमी होतो. ३६ ला कोसाइन १५ ने गुणले की ३४.८ येतात. याची निम्मी १७.४. हा फरक किरकोळ आहे. दुसरी गोष्ट महत्त्वाची. वजनाचा उताराच्या दिशेतील घटक गुरुत्वमध्यातून, म्हणजे जमिनीपासून २० सेंटीमीटर उंचीवरून, यंत्राला मागे ओढतो. त्यामुळे पुढची चाके हलकी आणि मागची जड होतात. चढावर बैलगाडी उलाळ होते, गाडीवान पुढे सरकून बसतो, ती हीच गोष्ट. किती भार सरकला? ३६ ला साइन १५ ने, म्हणजे ०.२५९ ने गुणा, ९.३ येतात, त्यांना उंची व अंतर यांच्या गुणोत्तराने, म्हणजे एकतृतीयांशाने गुणा. सुमारे ३.१ किलोग्रॅम. तेव्हा पुढच्या चाकांवर उरले १४.३ आणि मागच्यांवर झाले २०.५.

यंत्राला वर नेणारा जोर शेवटी मिळतो तो चाक आणि जमीन यांमधील घर्षणातून. इंजिन कितीही मोठे असो, चाकाला जमीन धरून ठेवता आली नाही तर त्याचा उपयोग नाही. ओलसर गवतावर घर्षणांक हिशेबापुरता ०.५ धरू. पुढची चाके फिरणाऱ्या यंत्राला फार तर ७.१ किलोग्रॅम भाराएवढा जोर मिळेल. हवेत मात्र ९.३. चाके गरगर फिरतील, हरळी उपटून काढतील, पण यंत्र चढणार नाही. मागची चाके फिरणाऱ्या यंत्राला १०.२ मिळतात, म्हणजे ते चढेल. पण गवतातून चाक लोळताना होणारा विरोध धरला तर हाती उरलेले हे ०.९ देखील संपतात आणि माणसाला रेटा द्यावा लागतो. तरीसुद्धा एक यंत्र रेट्याने चढते आणि दुसरे ओढून न्यावे लागते, हा फरक लहान नव्हे.

हेच समीकरण मांडून सोडविले, तर आपल्या यंत्राची मर्यादा निघते. पुढच्या चाकांचे यंत्र सुमारे १२ अंशांच्या चढावर हात टेकते, मागच्या चाकांचे जवळजवळ १७ अंशांवर, आणि चारही चाकांना ताकद दिली तर साडेसव्वीस अंशांपर्यंत घर्षण साथ देते. हे आकडे चाकांचा विरोध वगळून काढलेले आहेत. प्रत्यक्षात प्रत्येकातून काही अंश वजा होतील.

याशिवाय मागे लटकणारी गवताची पिशवी आहेच. ओल्या गवताने ती भरली आणि तिचे वजन ८ किलोग्रॅम झाले, तिचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या २० सेंटीमीटर मागे असला, तर सपाटीवरच पुढच्या चाकांवरचा भार १८ वरून १५.३ होतो. म्हणजे पुढच्या चाकांचे यंत्र काम करता करता दुबळे होत जाते. मग असे यंत्र बनवितातच कशाला? कारण सपाट बागेत ते सोयीचे असते. दांडा किंचित दाबला की पुढची चाके उचलली जातात, ताकद आपोआप तुटते आणि झाडाभोवती वळता येते. हाच गुण चढावर दोष ठरतो. थकलेला माणूस दांड्यावर रेलला की यंत्र थांबलेच.

उतरतानाचा विचार ग्राहक सहसा करीत नाहीत. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते म्हणून बऱ्याच यंत्रांच्या चाकांत सायकलच्या फ्रीव्हीलसारखा खटका असतो. सायकल उतारावर पॅडल न मारता धावते, तसेच हे यंत्र उतारावर इंजिनाला न जुमानता पुढे पळते, आणि माणूस मागे ओढला जातो. म्हणूनच मागून चालवायचे यंत्र उतारावर खाली-वर न नेता आडवे, शेतात समतल रेषेवर पाळी घालतात तसे फिरवावे. ज्यावर बसून चालवितात त्या मोठ्या यंत्राचा नियम नेमका उलट: ते आडवे नेले तर कलंडण्याची भीती, म्हणून सरळ खाली-वर, आणि तेही साधारण १५ अंशांपर्यंतच. एकाला घसरण्याचे भय, दुसऱ्याला उलटण्याचे.

भय किती खरे आहे हे पात्याचा वेग पाहिला की कळते. पात्याची लांबी ५० सेंटीमीटर आणि फेरे मिनिटाला ३००० धरा. टोक एका फेऱ्यात १.५७ मीटर जाते आणि सेकंदाला ५० फेरे होतात; म्हणजे सेकंदाला ७८.५ मीटर, ताशी सुमारे २८३ किलोमीटर! इस्लापूरकडच्या मुरमाड जमिनीत सुपारीएवढे खडे पावलोपावली असतात. पात्याने उडविलेला खडा गोफणीतल्या गोट्यासारखा जातो. म्हणून आधी मैदान पायी फिरून खडे वेचणे, मुलांना दूर ठेवणे आणि पायात जाड बूट घालणे, यांना पर्याय नाही. दांड्यावर एक कांडी असते. ती हातातून सुटताच पाते थांबते. अमेरिकेत १९८२ पासून असा नियमच आहे की हात सुटल्यावर ३ सेकंदांत पाते थांबले पाहिजे. काही लोक सोयीसाठी ही कांडी तारेने बांधून ठेवतात. उतारावर पाय घसरला तर त्या तारेची किंमत पायाच्या बोटांनी मोजावी लागते.

इंजिनाचीही अडचण आहे. चार-धावी पेट्रोल इंजिनात वंगणतेल तळाशी साठलेले असते व तेथून उडून सगळीकडे पोचते. यंत्र बराच वेळ एकाच बाजूला कललेले राहिले तर तेल त्या बाजूला साचते आणि दुसरीकडे धातूवर धातू घासतो. किती कल चालेल हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ते वाचून मगच पैसे द्यावेत. दोन-धावी इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, म्हणून खांद्याला अडकवून चालवायचे कापणीयंत्र कसेही तिरपे केले तरी चालते. बॅटरीवरच्या यंत्राला तेलाची ही चिंता नाही. पण घर्षणाचा हिशेब त्यालाही चुकत नाही.

आणि जमीन? काळी माती ओली असताना चाकाच्या खाचांत भरते, चाक गुळगुळीत होते आणि आपण धरलेला ०.५ हा अंक कितीतरी खाली येतो. शेतकरी वाफसा आल्याशिवाय शेतात औत घालीत नाही. मैदानातही वाफशाची वाट पाहावी. कंबरभर वाढलेल्या कुसळीत तर हे यंत्र घालूच नये. ती आधी विळ्याने कापावी. पेंढ्या गुरांच्या उपयोगी पडतात, यंत्राने केलेला भुगा तसा पडत नाही. नंतर पंधरा दिवसांनी फुटलेल्या हिरवळीवर यंत्र फिरवावे.

आता तुमच्या मैदानाचा कोन मोजा. बरोबर १ मीटर लांबीची सरळ फळी घ्या. तिचे एक टोक उताराच्या वरच्या अंगाला जमिनीवर टेकवा आणि दुसरे उचलून फळी समतल करा. गवंड्याची लेव्हल नसेल तर अर्धी पाण्याने भरलेली बाटली फळीवर आडवी ठेवून चालेल. उचललेल्या टोकापासून ओळंबा सोडा आणि जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. २१ सेंटीमीटर आले तर उतार १२ अंशांचा, २७ आले तर १५ अंशांचा. निरनिराळ्या ठिकाणी निदान दहा वेळा मोजा आणि सरासरी न काढता सर्वांत मोठा आकडा धरा, कारण यंत्र घसरेल ते तेथेच.

हा आकडा १५ सेंटीमीटरच्या आत असेल तर कोणतेही यंत्र चालेल, स्वस्त असेल ते घ्या. २७ पर्यंत असेल तर मागच्या चाकांचे, रुंद खाचांच्या टायरचे घ्या. त्याहून जास्त असलेला भाग मी तरी यंत्राला देणार नाही; तेथे विळा किंवा खांद्याचे यंत्र बरे.

एक उदाहरण तुमच्यासाठी ठेवतो. वरच्या यंत्राचा गुरुत्वमध्य २० ऐवजी १५ सेंटीमीटर उंचीवर आणला, बाकी सर्व तेच ठेवले, तर पुढच्या चाकांच्या यंत्राची मर्यादा वाढून फळीखालील अंतर २१.४ वरून २२.२ सेंटीमीटर होते. मागच्या चाकांच्या यंत्राची मात्र ३० वरून २८.६ वर उतरते. एकाला फायदा, दुसऱ्याला तोटा असे का व्हावे, ते आकृती काढून सिद्ध करा.