‘फोन’चं ‘मोबाइल’ करून दाखव

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सकाळी साडेसातलाच वाजू लागतो. यंदाचा प्रश्न ठरलेला : “मॅडम, सीईटीला कमी पडले. एआय-डेटा सायन्सला लागत नाहीये. मॅनेजमेंट कोट्यातून घेऊन टाकू का?” विचारतात वडील. मुलगा तिथेच असतो. मधूनच “बाबा, राहू द्या ना” असं ऐकू येतं आणि त्यावरची दटावणीही.

नका घेऊ. पहिल्या वर्षाचं गणित, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग बहुतेक शाखांना सारखंच असतं. कॉम्प्युटर, आयटी, अगदी बीसीए केलं तरी पुढे एआयची दारं बंद होत नाहीत. ज्याला गणिताची खरीच गोडी आहे त्यानं खुशाल जावं. त्याचे आईवडील सहसा मला फोनही करत नाहीत. बाकीच्यांनी पाटीवरच्या दोन अक्षरांसाठी एफडी मोडू नये.

मला बोलायचंय ते कुणी ढुंकून न पाहणाऱ्या विषयावर. डेटाबेस. इंजिनिअरिंगला त्याचा एक पेपर असतो, पोरं नॉर्मलायझेशनच्या व्याख्या घोकून तो काढतात आणि विसरतात. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली माहिती टेबलांत मांडण्याची रीत सुचवली. बँकेपासून दवाखान्यापर्यंत कितीतरी कारभार आजही तिच्यावरच चालतो. फरक एवढाच, की प्रोग्रॅमर हल्ली टेबलांशी थेट बोलत नाही. मध्ये ओआरएम नावाचा दुभाषा असतो : जावावाल्यांचा हायबरनेट, पायथॉनवाल्यांचा जँगोतला किंवा एसक्यूएलअल्केमी. कोडमध्ये ‘विद्यार्थी’ हा क्लास लिहायचा, दुभाषा खाली त्याचं टेबल उभं करतो. क्लास बदलला की टेबल बदलणारी एक छोटी फाइल तयार करायची. तिला मायग्रेशन म्हणतात. शिकवणीतल्या डेमोत हे सगळं जादूसारखं चालतं, कारण डेमोतलं टेबल रिकामं असतं.

मार्गदर्शनात येण्याआधी मी चौदा वर्षं हेच काम केलं. मुलाखतीत माझा एकच प्रश्न असे : “टेबलात तीन वर्षांचा डेटा आहे. ‘फोन’ या कॉलमचं नाव ‘मोबाइल’ करून दाखव.” एसक्यूएलअल्केमीबरोबरचं अलेम्बिक मायग्रेशन आपोआप लिहून देतं, पण नाव बदललंय हे त्याला उमगत नाही. त्याच्या लेखी ‘फोन’ गेला आणि ‘मोबाइल’ नावाचा कुणी नवाच आला. म्हणून ते दोन ओळी लिहितं : एक कॉलम जोडा, एक काढून टाका. न वाचता चालवलं की तीन वर्षांचे नंबर गेले. जँगो निदान विचारतं, नाव बदललंत का? घाईत ‘नाही’ म्हटलं तर तीच गत. नव्वद टक्केवाली पोरं इथे अडत. फाइल उघडून त्या दोन ओळी वाचणाऱ्याला मी पुढचं फारसं विचारत नसे.

टेस्टिंगच्या बाबतीत मात्र मीच एकदा तोंडघशी पडले. टेस्ट झटपट संपाव्यात म्हणून आम्ही त्या एसक्यूलाइटवर चालवायचो. खरा डेटाबेस होता पोस्टग्रेस. सगळ्या टेस्ट हिरव्या. प्रत्यक्षात अर्ज सुरू झाले आणि लोकांची नावंच स्वीकारली जाईनात. नावाला तीस अक्षरांची मर्यादा होती. एसक्यूलाइट ही मर्यादा मुळी मनावरच घेत नाही, पोस्टग्रेस काटेकोर पाळतं. त्यात नावं देवनागरीतली. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्याला चार अक्षरं, डेटाबेसच्या हिशेबी दहा. काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, सगळं सुटं मोजलं जातं. त्यापुढे वडिलांचं नाव आणि आडनाव जोडा. शनिवारची अख्खी रात्र गेली. तेव्हापासून टेस्ट पोस्टग्रेसवरच. मायग्रेशनची टेस्ट तर भरलेल्या टेबलावर घ्यायची : पुढे न्यायचं, मागे आणायचं, आणि दोन्ही वेळा नोंदी नुसत्या मोजायच्या नाहीत, आतला मजकूरही ताडून पाहायचा.

“पण हे आता एआयच करेल ना?” एका आईनं विचारलं. करतं की, आणि रिकाम्या टेबलावर फारच सुरेख करतं. पण कोणत्या कॉलमवर कुणाचा पगार लटकलाय, हे घरातलं माणूसच सांगू शकतं.

आता पालकांचं. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. पाऊण तास मी प्रश्न मुलाला विचारत होते आणि उत्तरं बाबा देत होते. चुलतभाऊ पुण्यात एआयमध्ये आहे, हे तीनदा ऐकलं. शेवटी मी त्यांना चहा प्यायला खाली पाठवलं. दार लागल्यावर मुलगा म्हणाला, “शाळेत लायब्ररीची यादी मी लावायचो. एकच पुस्तक दोनदा कुठे नोंदलंय ते शोधायला मजा यायची.” बाबांना माहीत आहे? “हो. टाइमपास म्हणतात.” असली डोकी मी चौदा वर्षं शोधत होते, आणि या घरात त्याला टाइमपास म्हणतात!

त्याला मी काम दिलं. पोस्टग्रेस फुकट, जँगो फुकट, घरातला जुना लॅपटॉप चालेल. लायब्ररीचं टेबल कर, लाखभर खोटी पुस्तकं भर. एका पुस्तकाला दोन लेखक असू शकतात, तेव्हा ‘लेखक’ कॉलम काढून त्याचं वेगळं टेबल कर. मग सगळं मागे आण. एकही नाव हरवता कामा नये. चालू सिस्टिमवर हे करताना टेबलाला कुलूप लागून लोक ताटकळतात, ते पुढचं. आधी एवढं जमू दे.

बाबा वर आले. “काय ठरलं, मॅडम?”

“कॅपच्या अर्जात कॉम्प्युटर आणि आयटी भरा. ऑगस्टमध्ये परत या. तो लॅपटॉपवर काम दाखवेल, तोवर तुम्ही खाली चहा घ्या.”