निगेटिव्ह फीडबॅक



कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर ज्यांनी दिलाय (मग तो सुटला असो की के.टी. लागली असो), त्यांना एक गोष्ट नक्की ठाऊक आहे : निगेटिव्ह फीडबॅक हा सिस्टिमचा शत्रू नाही. आउटपुट किती ढळलं हे त्याच्यामुळेच कळतं. ती वायर तोडली की उरतो ओपन लूप!

आता हेच धंद्याला लावून बघू. उद्या आपल्यातलाच कुणी स्टार्ट-अप काढेल, कुणी घरचं दुकान इन्स्टाग्रामवर नेईल. शंभर ऑर्डर नीट जातील आणि एक ग्राहक चारचौघांत लिहील, "माल फुटका आला." अशा वेळी आपला हात आधी कुठे जातो? 'डिलीट'वर! म्हणून ही दोन खरी उदाहरणं.

फीडबॅकला उशीर

मार्च २००८ मध्ये कॅनडाचा गायक डेव्ह कॅरोल युनायटेड एअरलाइन्सने प्रवास करत होता. शिकागो विमानतळावर सामानाच्या फेकाफेकीत त्याची गिटार मोडली. दुरुस्तीचा खर्च सुमारे १२०० डॉलर. त्याने जवळजवळ नऊ महिने पाठपुरावा केला. पण तक्रार २४ तासांत केली नाही, असं म्हणून कंपनीने हात वर केले. शेवटी जुलै २००९ मध्ये त्याने 'युनायटेड ब्रेक्स गिटार्स' हे गाणं यूट्यूबवर टाकलं. दीडेक महिन्यात ते सुमारे पन्नास लाख वेळा पाहिलं गेलं! मग कंपनी भरपाई द्यायला तयार झाली, पण तोवर त्याला ती नकोच होती.

तोडलेली वायर

मार्च २०१० मध्ये ग्रीनपीसने आरोप केला, की किटकॅटमधल्या पामतेलापायी इंडोनेशियातली जंगलं तुटताहेत. लोक किटकॅटचा बदललेला लोगो लावून नेस्लेच्या फेसबुक पानावर लिहू लागले. पान सांभाळणाऱ्याने 'असा लोगो असेल तर तुमचं लिखाण काढून टाकू' असा दम भरला, वर टोमणेही मारले. झालं! टीका आणखीच वाढली. भांडण म्हणजे पॉझिटिव्ह फीडबॅक, चूक मोठी होतच जाते. पुढे माफी मागावी लागली आणि मे २०१० मध्ये पामतेलाच्या खरेदीचं धोरणही बदलावं लागलं.

मग करायचं काय?

१. लवकर बोला. उपाय सापडायला दोन दिवस लागोत, पण 'तक्रार मिळाली, उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो' एवढं लगेच लिहा. आणि शब्द पाळा.

२. चूक आपली असेल तर सरळ माफी मागा. एकच छापील उत्तर सगळ्यांना चिकटवू नका; ग्राहक काय म्हणतोय ते वाचून लिहा. तो चिडला तरी आपण 'अहो-जाहो' सोडायचं नाही.

३. मोबाइल नंबर, पत्ता खासगी मेसेजमध्येच घ्या. उघड्यावर लिहिलेला नंबर पाहून भामटे 'कस्टमर केअरमधून बोलतोय' म्हणत फोन करतात आणि ग्राहकाचं खातं रिकामं होतं. ओटीपी आपण कधीच मागणार नाही, हेही सांगून ठेवा.

४. शिवीगाळ, धमकी किंवा कुणाची खासगी माहिती असेल तरच डिलीट करा. हा नियम आधीच पानावर लिहून ठेवा. नुसती टीका असेल तर राहू द्या.

५. मित्रांकडून पाच-पाच तारे लिहून घेऊ नका. ही सेन्सरलाच लाच झाली! भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० : २०२२ हे मानक काढलंय, ते खोट्या रिव्ह्यूंना आळा घालण्यासाठीच.

६. प्रश्न सुटला की त्याच तक्रारीखाली तसं लिहा. तक्रार एकाने केली असली तरी आपलं उत्तर पुढचे शंभर गिऱ्हाईक वाचणार आहेत.

शेवटी एक लक्षात ठेवा. तक्रार करणारा माणूस अजून आपल्याशी बोलतोय, म्हणजे तो अजून आपला ग्राहक आहे. जो काही न बोलता शेजारच्या दुकानात गेला, त्याचा फीडबॅक आपल्याला कधीच मिळत नाही. तेव्हा पुढच्या वेळी बोट 'डिलीट'वर जाईल, तेव्हा कंट्रोल सिस्टिम्सचा तो ब्लॉक डायग्राम जरूर आठवा!