यानाची निवृत्ती : कथेतील कारण आणि कथेबाहेरील कारण

विज्ञानकथेतील अंतराळयान हे केवळ वाहन नसते, ते पात्रांचे घर असते. त्यामुळे ते निवृत्त करण्यास निर्मात्यांकडे व्यावहारिक कारण असले, तरी कथेला स्वतःचे कारण लागतेच.

१९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेतील ‘एंटरप्राइझ’ हे याचे ठळक उदाहरण. ‘द सर्च फॉर स्पॉक’ (१९८४) या चित्रपटात वरिष्ठ अधिकारी हे यान जुने झाल्याचे सांगून दुरुस्ती नाकारतो. पण यानाचा शेत वयामुळे होत नाही. मित्रासाठी आज्ञा मोडून अ‍ॅडमिरल कर्क ते पळवतो आणि शत्रूने ताबा घेण्यापूर्वी स्वतःच्या हाताने नष्ट करतो. पुढील चित्रपटात (१९८६) त्याची पदावनती होते. त्यानंतरच त्याला नवे यान मिळते : नाव तेच, क्रमांक १७०१ तोच, फक्त पुढे ‘ए’ हे अक्षर.

याउलट ‘जनरेशन्स’मध्ये (१९९४) ‘डी’ हे यान शत्रूच्या हल्ल्यामुळे कोसळते आणि ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’मध्ये (१९९६) ‘ई’ सज्ज असते. दूरचित्रवाणीसाठी घडवलेल्या यानाऐवजी रुंद पडद्याला साजेसे यान हवे होते, हे कथेबाहेरील कारण इथे अधिक जाणवते. यान जाते, पण ते गमावण्याचा निर्णय कोणत्याही पात्राला घ्यावा लागत नाही.

नाव टिकल्याने परंपरा टिकते. मात्र जुन्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी अशा प्रत्येक कथेला विचारावा.